मधले ठिपके कोणी भरायचे

फोटो लॅबमध्ये किस्से कसे जमा होतात, ते सांगते. लोक फोटो आणतात नखाएवढा अन् त्यांले तो पाहिजे दरवाज्याएवढा. नखाच्या अन् दरवाज्याच्या मधात जे उरते ना, तेच किस्से! आता तं इतके झाले का चार जणी जमल्या का मलेच म्हणतात, "सुनंदा, सांग ना एखादा." मी सांगते, सगळ्या हसतात. मले मात्र यंदा सांगताना तोंड कडू होते.

छत्तीसगडात भिलाईले, स्टील प्लांटच्या सेक्टरच्या मार्केटात आमची लॅब आहे. मालक प्रकाशभाऊ, मूळचे आमगावकडचे. रोल धुणं बंद होऊन डिजिटल आलं तेव्हापासून मी त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर बसते. काम एकच, लहान फोटो मोठा करायचा. ऐकायले सोपं वाटते. बसून पाहा मंग!

फोटो म्हणजे शेवटी ठिपके. मोठा केला का ठिपके दूर दूर सरकतात अन् मधात रिकामी जागा पडते. ती जागा कशानं भरायची, याच्या पद्धती आहेत. त्याले म्हणतात इंटरपोलेशन. नियरेस्ट नावाची पद्धत बाजूचा ठिपका उचलून जसाच्या तसा ठेवते, म्हणून फोटोले पायऱ्या पडतात. बायलिनियर आजूबाजूच्या चौघांचे रंग पाहून मधला रंग काढते, फोटो मऊ होते, जरा धुकट. बायक्युबिक अजून जास्त शेजाऱ्यांले विचारते, म्हणून रेघ नीट राहते. कोणत्या फोटोले कोणती लावायची, ते ठरवणं म्हणजे माझी नोकरी.

हे मी एकदा घरी नवऱ्याले समजावून सांगितलं. तो रसमड्याच्या एका फॅक्टरीत ठेक्यावर आहे. शांतपणे ऐकून म्हणते, "म्हणजे चौघांचं ऐकायचं अन् मधलं बोलायचं?"

"हो, तसंच काहीसं."

"मंग हे तू फक्त दुकानातच करतेस वाटते!"

पोरगी हसून हसून लोळली. "मम्मी, पापा ने सही पकड़ा!" आमच्या घरात पोरीशी मराठी मीच बोलते अन् बोलणीही मीच खाते.

तं यंदा प्रकाशभाऊनं आपल्या भाच्याले आणून माझ्या बाजूले बसवलं. चेतन त्याचं नाव. रायपूरले शिकला, पोरगा वाईट नाही. पण त्यानं सोबत एआयवालं सॉफ्टवेअर आणलं. एक बटन दाबलं का धुकट चेहरा चकाचक! मी पहिल्याच दिवशी पाहिलं, ते ठिपके भरत नव्हतं. ते दुसऱ्या हजारो लोकांचे चेहरे पाहून बसलं आहे अन् त्यांच्यावरून अंदाजानं नवा चेहरा रचून ठेवते. डोळ्याच्या जागी कोणाचा तरी डोळा, ओठाच्या जागी कोणाचा तरी ओठ.

मी प्रकाशभाऊले म्हटलं, "भाऊ, हे मोठं करणं नाही. हे तं बनवणं आहे."

प्रकाशभाऊ म्हणाले, "सुनंदाबाई, दुकान चालत नाही आहे. दोघांले मी पोसू शकत नाही. असं करा, जे काम येईन त्याचे दोन प्रिंट काढा, एक तुमचा, एक त्याचा. दोन्ही काउंटरवर ठेवा. गिऱ्हाईक कोणता उचलते ते दिवाळीपर्यंत पाहू. मंग एकच खुर्ची ठेवू."

झालं! ह्या वयात मले दुसरीकडे कोण बसवते? पोरगी कॉलेजात, नवरा ठेक्यावर. अन् माझी खुर्ची कोणाच्या हातात, तं गिऱ्हाइकाच्या. अन् आमचं गिऱ्हाईक कसं असते, ते ऐकाच.

* * *

चेतन यायच्या आधीचा एक सांगते. रिसालीतला एक जण, पुढं पार्षदकी, म्हणजे आपली नगरसेवकी, लढायची होती त्याले. वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिजे होता, चौकातल्या खांबांच्या मधात मावन एवढा. फोटो कोणता, तं व्हॉट्सॲपवरचा डीपी. तोही डायरेक्ट नाही, त्याचा स्क्रीनशॉट!

मी म्हटलं, "भाऊ, ओरिजिनल द्या ना. यात काहीच नाही."

"मॅडम, माझ्या मोबाइलमध्ये एकदम साफ दिसते."

"मोबाइल तळहाताएवढा आहे भाऊ."

"तं तळहाताले मोठं करा ना!"

केलं बाप्पा. बायक्युबिक लावलं, टप्प्याटप्प्यानं मोठं केलं, वरून जरासा दाणा, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, टाकला, म्हणजे डोळ्याले गुळगुळीत लागू नये. फ्लेक्स दुरून पाहायची गोष्ट आहे. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं तं माणूस हसून राहिला होता, छान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी हा दुकानात भांडायले हजर. म्हणे नाक फाटलं आहे, दातांचा चौकोन झाला. मी विचारलं, कुठून पाहिलं? तं म्हणते, शिडी लावून वर चढलो होतो!

"कावून चढले?"

"मले पाहायचं होतं ना, कसा दिसतो ते."

मी म्हटलं, "भाऊ, निवडणुकीच्या आधी कोणी इतक्या जवळून पाहत नाही."

तो हसला नाही. प्रकाशभाऊही हसले नाहीत. मलेच माफी मागावी लागली, ते वेगळंच.

* * *

पद्मनाभपूरची एक बाई पोराच्या लग्नासाठी फोटो घेऊन आली. रेल्वेवाले लोक, नागपूरकडचे. पोराचा फोटो सहलीतला, कोणाच्या तरी मोबाइलचा, मागून दुसऱ्याचा हात आलेला. मी तो हात काढला, चेहरा मोठा केला, अन् बाईनं मागं उभं राहून लावून धरलं, "अजून साफ, अजून साफ!"

आता जास्त शार्प करायले गेलं का कडेले पांढरी रेघ उमटते. काळे केस, मागं फिकट भिंत, मधात पांढरी कोर. मी म्हटलं, "काकू, ही चूक दिसते. कमी करते."

"थांब!" बाई ओरडली. "काढू नको ते. पोराच्या तोंडावर तेज आलं!"

अन् खरं सांगते, त्याच फोटोवर जमलं लग्न. पोरीकडच्यांनी म्हणे फोटो पाहूनच सांगितलं, पोरगा सात्त्विक दिसते.

पुढं दीड-दोन वर्षानं एक पोरगी एकटीच दुकानात आली. नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो पाहिजे होते. पत्ता माहेरचा लिहून राहिली होती. जाता जाता थांबली अन् म्हणाली, "मावशी, आमच्या लग्नाच्या वेळेस ह्यांचा फोटो तुमीच केला होता ना? ते डोक्याच्या मागचं पांढरं, ते तुमी टाकलं होतं?"

"नाही बेटा. कॉम्प्युटरनं आपोआप आणलं."

"मले वाटलंच," म्हणाली अन् फोटोचं पाकीट घेऊन निघून गेली.

* * *

मंग चेतन आला अन् आमची ही दोन-दोन प्रिंटची भानगड सुरू झाली.

पहिलं काम आलं ते मार्केटातल्याच चहा-भजेवाल्याचं. छत्तीसगढी माणूस, आमच्याच समोर त्याचा ठेला. पैसे घ्यायचा तो चौकोनी कोड असते ना मोबाइलवर मारायचा, तो त्याले मोठा करून ठेल्यावर लावायचा होता. दुरूनच लोकांनी मारावा म्हणून.

चेतननं बटन दाबलं. काय सुंदर कोड झाला! काळ्या चौकोनांचे कोपरे गोल गोल, कुठं बारीक नक्षी, एखाद्या गालिच्यासारखा. ठेलेवाला खूश. माझ्या प्रिंटकडे पाहिलंही नाही. पाहायसारखं होतंच काय? मी नियरेस्ट लावलं होतं. जिथं चौकोन होता तिथं चौकोन, फक्त मोठा. फोटोले लावलं तं पायऱ्या पडतात म्हणून ज्या पद्धतीले सगळे शिव्या देतात, ती ह्या एका कामाले एकदम बरोबर. चौकोनाले चौकोनच राहू द्यायचं असते ना!

चेतन माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, एक–शून्य!"

दुपारच्या आत ठेलेवाला तो बोर्ड काखेत मारून परत आला. सकाळपासून लोक मोबाइल धरून उभे, अन् कोणाचाच लागत नव्हता. त्यानं बोर्ड काउंटरवर आपटला अन् म्हणाला, "सुग्घर तो हे, फेर कोंदा हे!" म्हणजे दिसायले छान आहे, पण मुका आहे.

मी माझा प्रिंट त्याच्या हातात दिला. प्रकाशभाऊनं मोबाइल धरला, टुण्णकन लागला. मी मनातल्या मनात नाचली, खोटं कावून बोलू?

प्रकाशभाऊ काय म्हणाले असतील? "बरं झालं. चेतन, आता असं काम आलं का हे नियरेस्ट लावत जा बरं. सुनंदाबाई, त्याले दाखवून द्या जरा."

दाखवलं. काय करता?

* * *

मंग हुडको कॉलनीतली एक आजी. तिले ऐंशी पुरे झाले म्हणून घरच्यांनी कार्यक्रम ठेवला होता. मोठा फोटो पाहिजे, हॉलमध्ये खुर्चीच्या मागं लावायले. फोटो आणला तो एका ग्रुपफोटोतला, आजी कोपऱ्यात बसली होती, मोकळी हसून राहिली होती. तोंडात एक दात नाही.

मी माझ्या पद्धतीनं केला. थोडा मऊ राहिला, पण ते हसू होतं बरोबर, गाल आत गेलेले, डोळे बारीक झालेले. मले स्वतःले आवडला होता.

चेतनच्या सॉफ्टवेअरनं काय केलं? त्याले बिचाऱ्याले हसणारं तोंड दिसलं. हसणाऱ्या तोंडात काय असते? दात! वरचे, खालचे, सगळे एकसारखे पांढरेशुभ्र. आजी टूथपेस्टच्या जाहिरातीत आल्यासारखी!

मले वाटलं, आता तं हे उघडच चुकलं, आता मीच जिंकली. पण मुलगा म्हणाला, वा! सून म्हणाली, किती फ्रेश दिसतात आई! नातीनं तिथंच मोबाइलवर फोटो टाकूनही दिला. कोणी आजीले विचारलंच नाही. ती बाकावर बसली होती, मीच उठून तिच्यापाशी दोन्ही प्रिंट नेले.

आजीनं चष्मा वर केला. चेतनचा प्रिंट जवळ घेऊन पाहिला.

"हे दात कोनाचे व?"

नात म्हणाली, "आजी, छान दिसते ना!"

"छान दिसते तं मंग कार्यक्रमाच्या दिवशी जेवू यालेच घाला!"

सगळे हसले. अन् हसत हसत दातवालाच फोटो घेऊन गेले. माझा प्रिंट काउंटरवर राहिला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला अन् मुद्दाम जोरात बंद केला. प्रकाशभाऊनं वर पाहिलं.

घरी आली तं नवऱ्यानं विचारलं, "आज काय झालं?"

मी म्हटलं, "हरली. एका बत्तिशीनं हरवलं."

* * *

हा पुढचा मी कोणाले सांगत नाही. कोणी हसत नाही ह्याच्यावर. पण आज सुरूच केलं आहे तं सांगून टाकते.

दुर्गकडच्या एका कॉलनीचे सेक्रेटरी आले. कॉलनीत चोऱ्या होऊन राहिल्या होत्या, सायकली, गॅसची टाकी, एकाची मोटर. गेटवरच्या कॅमेऱ्यात एक माणूस आला होता. अंधारातला, वरून काढलेला, चेहरा म्हणजे जेमतेम आठ-दहा ठिपके. "इसको बड़ा कर दीजिए, पहचान में आना चाहिए."

मी सगळ्या पद्धती लावून पाहिल्या. पायऱ्या आल्या, धुकं आलं, चेहरा कुठून येणार? मी हात वर केले. "साहेब, यात माणूस आहे एवढंच समजते. चेहरा नाही. नाही तो मी कुठून आणू?"

सेक्रेटरींचं तोंड उतरलं. तेवढ्यात चेतन म्हणाला, "सर, एक मिनट."

मी म्हटलं, "चेतन, नको. हे वाढदिवसाचं काम नाही."

"ताई, एक बार देखने तो दो उनको."

बटन दाबलं. अन् त्या आठ-दहा ठिपक्यांतून एक माणूस बाहेर आला. गाल बसलेले, दाढी थोडी वाढलेली, भुवया जाड. इतका साफ का घाम तेवढा पुसायचा राहिला होता! मी ओरडली, "अरे, हा माणूस कुठंच नाही! हा आत्ता बनला, तुमच्या डोळ्यांसमोर!" सेक्रेटरींनी माझ्याकडे असं पाहिलं, का बाईचा धंदा बुडून राहिला म्हणून जळते. तो फोटो घेतला, चेतनच्या पाठीवर थाप मारली अन् गेले.

त्याचे प्रिंट म्हणे कॉलनीत दोन्ही गेटवर लावले. अन् सापडला ना एक! रसमड्याच्या कारखान्यात हमाली करणारा, ड्यूटी सुटल्यावर त्याच रस्त्यानं सायकलनं जाणारा. धरला, दिवसभर गेटवर बसवून ठेवला, जाणाऱ्या-येणाऱ्यानं हात साफ करून घेतला. संध्याकाळी त्याच्या फॅक्टरीच्या माणसानं येऊन सांगितलं का त्या रात्री हा कामावर होता, तेव्हा सोडला.

सेक्रेटरी पुन्हा दुकानात आले. मले वाटलं, आता लाज वाटून आले असतील. कुठलं काय! म्हणतात, "लेकिन चेहरा तो एकदम मिल रहा था!"

"मिळणारच ना साहेब," मी म्हटलं. "बनवलेला चेहरा कोणाचा तरी असतेच. अन् गरीब असला तं लवकर मिळते."

प्रकाशभाऊनं मले आत बोलावून झापलं. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का! चेतन मात्र त्या दिवशी जेवला नाही, तेवढं मी पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याकडे पाहून बोलत नव्हता.

पण किस्सा तो नाही. किस्सा पुढं आहे. आठवड्याभरानं एक माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. डोळ्याखाली निळं पडलेलं. मी आतून चेतनले मराठीत काही सांगून राहिली होती, ते ऐकून आत आला. म्हणाला, "बाई, तुमी आपल्याकडच्या का? मी बालाघाटचा. तो फोटो इथंच बनला म्हणतात. मले पाहू द्यान का?"

चेतन जागच्या जागी गार. मी कॉम्प्युटरवर फोटो उघडून दिला. वाटलं, आता हा शिव्या देईन, खुर्ची उचलून मारन, मारली तं मी अडवणार नव्हती.

तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मंग हळूच म्हणाला, "आहे तं माझ्यासारखाच."

अन् नमस्कार करून गेला.

* * *

दिवाळी तोंडावर आली. सेक्टरभर रंगरंगोटी, घरोघरी सफाई, अन् सफाईत सापडलेले फोटो घेऊन लोक दुकानात. हिशोब प्रकाशभाऊ मनात ठेवत होते, पण मलेही दिसत होता. लोक चेतनचाच प्रिंट उचलून राहिले होते. साफ दिसते, चकाकते, अजून काय पाहिजे? तरी मी आशा सोडली नव्हती. प्रकाशभाऊ एकदा बोलून गेले होते, "एखादं काम असं दाखवा ना सुनंदाबाई, का माणसानं दोन्ही पाहून तुमचंच उचललं."

तेव्हा लांजेवार काका आले. सोबत काकू. काका प्लांटमध्ये कोक ओव्हनले, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते, आता रिटायर झाले; त्या नोकरीनं पोराले पोसलं, अन् त्या पोरानं रिसालीत घर बांधलं. नव्या घराच्या हॉलमध्ये काकांचा एक मोठा फोटो लावायचा होता. पण काकांची अट होती. लग्नातला नको, टायवाला नको. कामावरचा पाहिजे.

आता कामावरचा फोटो कोणाजवळ असते? प्लांटच्या आत कॅमेरा, मोबाइल कोण नेऊ देते? सारी जिंदगी भट्टीच्या तोंडापाशी काढली, अन् फोटो एकच. कोणी मोठे साहेब पाहणी करायले आले होते, त्यांचा काढलेला. साहेब मधात, त्यांच्या बाजूले छोटे साहेब, अन् पार मागं, धुराच्या कडेले, हेल्मेट घातलेला एक माणूस लांब सळई धरून वाकलेला. तांदळाच्या दाण्याएवढा.

काकांनी दाण्यावर बोट ठेवलं. "हा मी."

त्या फोटोवर मी जीव ओतला, बाई! कधी नाही ते जेवायचा डबाही न उघडता बसली. धुराले बायलिनियर, तो मऊच पाहिजे. सळईले बायक्युबिक, रेघ तुटू दिली नाही. हेल्मेटभोवती पांढरी कोर येऊन राहिली होती, ती हातानं एकेक करून पुसली. चेहरा नव्हताच, नुसता तांबडा-काळा डाग. तो मी तसाच ठेवला. पण पाठ आली! वाकलेली पाठ, एका बाजूले झुकलेला खांदा, सळईवर घट्ट धरलेले हात. मी मागं सरकून पाहिलं अन् मलेच भरून आलं. चेहरा नसला तरी माणूस होता त्यात.

चेतननंही त्याचा काढला. त्यात धूर निळसर अन् स्वच्छ. हेल्मेट नवं कोरं. अन् हेल्मेटखाली चेहरा, रुंद कपाळ, तरतरीत नाक, पिळदार मिशी, नजर सरळ समोर. काका सावळे, बसक्या नाकाचे, मिशी त्यांनी कधी ठेवली असन असं वाटत नव्हतं.

दोन्ही प्रिंट काउंटरवर ठेवले. प्रकाशभाऊ मुद्दाम गल्ला सोडून पुढं येऊन उभे राहिले. मले माहीत होतं, हेच ते काम.

काका एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. काकूनं मात्र चेतनचा प्रिंट उचलला, डोळ्यांजवळ नेला, अन् ठणकावून म्हणाली, "हे कोन व? हे आमचे नाहीत!"

मी प्रकाशभाऊकडे पाहिलं. जिंकली! बायकोच सांगून राहिली, हा माणूस तिचा नाही, याच्यावर कोणाची साक्ष पाहिजे? काकूनं तो प्रिंट खाली ठेवला, माझा हातात घेतला, त्या वाकलेल्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे पाहा. हे हायेत. घरी येऊन चपला काढताना असेच वाकत."

काकांनी तिच्या हातातून माझा फोटो अलगद काढून घेतला अन् उपडा ठेवला. दुसरा तिच्यासमोर सरकवला.

"मी आत असाच दिसत होतो."

"काहीतरीच! तुमाले मिशी कधी होती?"

काका म्हणाले, "तू आत कधी आली होतीस?"

काकूनं तो चेहरा पुन्हा उचलला, यावेळेस हळू, अन् लांब धरून पाहत राहिली. रुंद कपाळ, सरळ नजर, मिशी. मंग तिनं काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहून राहिले होते.

"असे दिसत होते तुमी?" तिनं विचारलं.

काकांनी मान हलवली, हो म्हणून.

काकूनं पदरानं फोटोवरची नसलेली धूळ पुसली अन् प्रकाशभाऊले म्हणाली, "भाऊ, हाच द्या. काच चांगली लावा, उन्हात चमकली नाही पाहिजे."